शिवेवरची नोकरी

बेटा,

महापालिकेऐवजी नागपूरला लागून असलेल्या नगर पंचायतीत स्थापत्य अभियंता म्हणून नेमणूक झाली, यावर तुझी आई फोनवर जरा हिरमुसलेली वाटली. तूही असशील. पण महापालिकेत एका झोनच्या एका टेबलावर बसली असतीस. इथे रस्ता, नाली, दिवे, बोअरवेल, स्मशानभूमीचं शेड, सगळं तुझ्याच अंगावर येणार, आणि तक्रार करणारा माणूस थेट तुझ्या खुर्चीसमोर उभा राहणार. माझी उभी नोकरी नगर परिषदांमध्ये गेली. शिकायला याहून चांगली जागा मी पाहिली नाही.

नगर पंचायत म्हणजे काय, हे परीक्षेपुरतं तुला पाठ असेलच: 1993 पासून अंमलात आलेली 74वी घटनादुरुस्ती, 1965 चा नगर परिषद अधिनियम, ग्रामीणकडून शहरी होत चाललेलं क्षेत्र, 17 निवडून आलेले सदस्य. गावातल्या माणसाला त्यातलं एकच कळतं, की ग्रामसभा गेली. सरपंचाला भर सभेत उभं राहून जाब विचारायची सवय असलेली ही माणसं आता तुझ्या टेबलाशी येऊन तसंच बोलतील. आवाज चढलेला असेल. ऐकून घे, त्यात अर्धी माहिती असते.

गावठाणातले लोक आणि प्लॉट पाडून वसलेल्या लेआउटमधले लोक, ही दोन वेगळी गावं समज. लेआउटवाले हिंगण्याच्या एमआयडीसीत, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात किंवा शहरातल्या कुठल्या ऑफिसात जाणारे. बँकेचा हप्ता भरतात आणि उन्हाळ्यात टँकरही विकत घेतात. त्यांना शहर हवं आहे, तेही आजच. गावठाणातल्याला त्याची शेतात जायची पांदण आणि बैलगाडी वळायची जागा हवी आहे. दोघांचंही बरोबर आहे, आणि बजेट एकच आहे.

पहिल्या आठवड्यात दोन कामं कर. एक, तुझ्या हद्दीत नियोजन प्राधिकरण कोण आहे ते लेखी शोधून ठेव. शहराभोवतीची सातशेहून जास्त गावं एनएमआरडीएच्या, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, महानगर क्षेत्रात येतात, त्यामुळे बांधकामाचा नकाशा मंजूर कोणी करायचा यावर फायली वर्षानुवर्षं इकडून तिकडे फिरतात. दुसरं, भूमी अभिलेखातून प्रत्येक मौजाच्या गाव नकाशाची नक्कल काढ. खसरा नंबर, नाले, पांदण रस्ते, सगळं त्यात आहे. मग जुन्या कोतवालाला सोबत घे आणि तो नकाशा हातात धरून पायी फिर. गाडीतून काहीच दिसत नाही.

फिरताना दोन गोष्टी दिसतील.

एक म्हणजे मोकळी जागा. एक एकराहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडायची असते, पण सातबाऱ्यावर ती बरेचदा मूळ मालकाच्याच नावावर राहून जाते. एखाद्या दिवाळीला तिथे चबुतरा होतो, पुढच्या दिवाळीला टिनाचं शेड, आणि मग कोणीतरी ‘प्लॉट नंबर 14-अ’ची विक्री दाखवतो. घेणारा बिचारा ग्रामपंचायतीच्या वेळचा नमुना 8, म्हणजे कर आकारणीचा उतारा, आणि टॅक्स पावती घेऊन येतो, जणू ती मालकीच आहे. कर भरल्यानं मालकी येत नाही, हे त्याला शांतपणे सांग. त्याला हे सांगणारी तू पहिलीच असशील. पण आधी अशा जागांची यादी करून मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं ताब्याचा पत्रव्यवहार सुरू कर. तारेचं कुंपण आणि एक बोर्ड, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

दुसरी गोष्ट नाला. नकाशावर नाला आहे आणि समोर मात्र कंपाउंड वॉल, असं हमखास सापडेल. भिंतीच्या बुडाशी नऊ इंची पाइप टाकलेला असतो. प्लॉटवाल्याच्या मते ती नाल्याची ‘सोय’. भिंतीवर मागच्या पावसाची चिखलाची रेघ शोध, टेप लावून उंची मोज, फोटो काढ, तारीख टाक. शेजारची बाई सांगेल, “मॅडम, दरवर्षी पाणी घरात घुसून राह्यलं, कोणी पाहून नाही राह्यलं.” तिचं नाव-गाव वहीत लिहून घे, पुढे पंचनाम्याला लागतं.

हे फक्त तुझ्या गावापुरतं नाही. आपली नाग नदी निघते ती वाडीजवळच्या लाव्हा गावच्या टेकड्यांतून, म्हणजे शिवेवरूनच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. वरच्या अंगाला मुरूम टाकून शेतं सपाट केली, की पाणी मुरायचं थांबतं आणि खाली धावतं. शहरवाले मग पुराचं खापर आभाळावर फोडतात.

सिमेंट रोडबद्दल मात्र हट्टी हो. ठेकेदार जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवतो, दोनदा असं झालं की रस्ता वर आणि घराचं जोतं खाली. नागपुरात या एकाच कारणानं किती घरांत पाणी शिरतं, ते तू पाहिलंच आहेस. जुना थर खोदून काढणं एस्टिमेटमध्ये नसेल आणि लेव्हल घेतलेली नसेल, तर सही करू नकोस. “ताई, एवढं काय मनावर घेता” असं म्हणतील. म्हणू दे.

कर आकारणी तुझं टेबल नाही, त्यात पडू नकोस. निधीचं एवढंच लक्षात ठेव, की वित्त आयोगाचा बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच लागतो. चौकातल्या कमानीसाठी तो मागायला येणारे येतीलच.

सदस्य वॉर्डात नाली मागतील तेव्हा नाही म्हणू नकोस. फक्त विचार, ती पुढे कुठे जाऊन मिळते? उत्तर ‘पुढच्या रिकाम्या प्लॉटात’ असं आलं, तर त्या सदस्यालाच घेऊन तिथे जा, आउटलेट सापडेपर्यंत. आउटलेट नसलेल्या नाल्या बांधून ठेवल्या, की डासांची पैदास तेवढी होते.

नकाशांच्या नकला हातात आल्या की एखाद्या रविवारी घेऊन ये. जुन्या नकाशातल्या खुणा वाचायला मी बसतो सोबत. येताना तर्री-पोहे बांधून आण, तर्री वेगळी.

तुझा,
काका