वाचकांचे प्रश्न : अंगणातील अरोकेरिया

प्रश्न : आमच्या मागील अंगणाला तिन्ही बाजूंनी उंच भिंती असल्यामुळे उन्हाळ्यातील लू तेथे फारशी लागत नाही. कुंडीत वाढवलेले पाच फुटांचे अरोकेरिया येत्या पावसाळ्यात तेथे जमिनीत लावावे, असा विचार आहे. त्याच्या खालच्या फांद्या वाळत आहेत आणि झाड थोडे कललेही आहे. शेंडा छाटून ते आटोक्यात ठेवता येईल काय? – एक वाचक, इंदूर

उत्तर : शेंडा मुळीच छाटू नये. अरोकेरियाचा, म्हणजे नॉरफोक पाइन या सूचिपर्णी झाडाचा, सारा डौल एका सरळ खोडावर मजल्यांसारख्या रचलेल्या फांद्यांत असतो, आणि शेंडा गेल्यावर तो घाट पुन्हा जमत नाही. बाजूच्या फांदीचे कलम केले तरी ते आडवेच वाढत राहते. पॅसिफिक महासागरातील नॉरफोक बेटावर, म्हणजे मायभूमीत, हे झाड 50 मीटरच्याही वर जाते. माळव्यात तेवढे वाढले नाही, तरी दुमजली घराला ते मागे टाकील असे धरून भिंतीपासून निदान बारा-पंधरा फूट अंतर ठेवावे. तेवढी जागा नसेल तर ते कुंडीतच बरे.

भिंती लू अडवतात, तशाच त्या ऊनही अडवतात. उजेड कमी पडला किंवा हवा फार कोरडी झाली की खालच्या फांद्या वाळतात, आणि वाळलेल्या जागी नवी फांदी फुटत नाही. झाड भिंतींच्या मोकळ्या बाजूला कलले असेल तर ते उजेडाकडे वळते आहे, असे समजावे. मात्र नॉरफोक पाइन म्हणून विकली जाणारी पुष्कळ रोपे प्रत्यक्षात न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिकमधील बेटावरच्या कुक पाइन या त्याच्या भाईबंदाची असतात, आणि ते झाड स्वभावतःच विषुववृत्ताकडे, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला, झुकते; तो कल काठी बांधून जात नाही.

खरी काळजी मातीची घ्यावी. इंदूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते, आणि तीत खणलेला खड्डा पाण्याच्या हौदासारखा भरून राहतो. म्हणून पोयटा, मुरूम आणि कुजलेले शेणखत यांचा फूटभर उंच ओटा करून त्यावर, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, झाड लावावे. कुंडीत गोल फिरलेली मुळे हलक्या हाताने मोकळी करावीत आणि पालापाचोळा बुंध्याला चिकटणार नाही असा पसरावा. त्याआधी मात्र त्या जागी दोन फूट खोल खड्डा खणून तो संध्याकाळी पाण्याने भरून ठेवावा. सकाळीही त्यात पाणी साचलेले दिसले, तर तेथे हे झाड लावू नये.