वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील सरकारी हेलियम आणि ठरलेले पुरवठादार

गेल्या अंकात एमआरआय यंत्रांमधील द्रवरूप हेलियमवर लेख होता आणि त्यात अमेरिकी सरकारच्या हेलियम साठ्याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख त्या उल्लेखाकडेच आहे. सरकारी कामासाठी लागणारा हेलियम ठरावीक पुरवठादारांकडूनच घेतला पाहिजे, असा नियम तिथे का झाला आणि तो प्रत्यक्षात कसा चालला, असे वाचकांनी विचारले आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

ह्यूस्टनहून एक वाचक लिहितात : आमचा लहानसा कारखाना एका सरकारी कंत्राटदारासाठी टाक्या आणि नळ्यांची हेलियमने गळती-तपासणी करून देतो. काही वर्षांपूर्वीच्या एका कंत्राटात ‘हेलियमचे आवश्यक स्रोत’ अशा मथळ्याचे कलम होते आणि त्यामुळे नेहमीचा गॅसवाला सोडून आम्हाला यादीतला पुरवठादार शोधावा लागला. पोटकंत्राटदारालाही हे लागू होते का?

होय, लागू होते. आपण म्हणता ते कलम अमेरिकेच्या संघराज्य खरेदी नियमावलीतील 52.208-8 हे असून, ज्या पोटकंत्राटात हेलियमची मोठी गरज आहे त्यात मुख्य कंत्राटदाराने ते जसेच्या तसे घालावे, असे त्या कलमातच लिहिलेले आहे. ‘मोठी गरज’ म्हणजे किती, हेही मोघम ठेवलेले नाही. एखाद्या वापराच्या ठिकाणी वर्षाला 2,00,000 घनफुटांहून अधिक वायुरूप किंवा 7,510 लिटरहून अधिक द्रवरूप हेलियम पोहोचणार असल्याचा अंदाज असेल, तर ती गरज मोठी समजली जाई. दोन्ही आकडे एकाच राशीची दोन रूपे आहेत, कारण 7,510 लिटर द्रव उकळून खोलीच्या तापमानाला आला की साधारण 5,660 घनमीटर, म्हणजेच दोन लाख घनफूट वायू होतो. कारखान्याच्या भाषेत बोलायचे तर आपल्याकडे भिंतीला साखळीने बांधून ठेवतात ते उंच सिलिंडर प्रत्येकी सुमारे सात घनमीटर वायू धरतात, तेव्हा ही मर्यादा वर्षाला आठशे सिलिंडरांच्या आसपास जाते. आपल्या कारखान्यात एवढे सिलिंडर लागत नसतील, तर कंत्राटात कलम छापलेले असूनही नेहमीच्या गॅसवाल्याकडून घेण्यास नियमाची आडकाठी नव्हती. मोजणी वापराच्या प्रत्येक ठिकाणाची आहे, कंपनीची एकूण नव्हे, हे अनेकांच्या नजरेतून सुटते.

पात्र पुरवठादार कोण, हे टेक्सासमधील अमॅरिलो येथून ठरत असे. तेथे भूमी व्यवस्थापन विभागाचे, म्हणजे अंतर्गत व्यवहार मंत्रालयाखालील ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचे, हेलियम कार्यालय होते. ज्या खासगी कंपनीने सरकारकडून कच्चा हेलियम घेण्याचा करार केलेला आहे, तिचेच नाव या कार्यालयाच्या यादीत येई. यादीतील कंपनीने सरकारी खात्याला किंवा त्याच्या कंत्राटदाराला जितका शुद्ध हेलियम विकला, तितकाच कच्चा हेलियम तिने सरकारी साठ्यातून विकत घ्यायचा, अशी ही सांगड होती. आपल्या सिलिंडरातला वायू अमॅरिलोच्या जमिनीखालचाच असावा, अशी अट नव्हती. तो वायोमिंगमधील एखाद्या खासगी कारखान्यातून आलेला असला तरी चालत असे, फक्त दोन्ही बाजूंचा हिशोब जुळला पाहिजे. हा हिशोब जुळावा म्हणूनच पुरवठादाराचे नाव, हेलियमची राशी, पोहोचल्याची तारीख आणि वापराचे ठिकाण ही माहिती माल मिळाल्यापासून दहा दिवसांत खरेदी अधिकाऱ्याला लेखी कळवण्याचे बंधन कंत्राटदारावर घातलेले होते. आपल्या जुन्या फायलीत अशा पत्रांच्या प्रती असतील, तर त्या जपून ठेवाव्यात.

कोल्हापूरच्या एका शिक्षिका विचारतात : सरकारने निवडक कंपन्यांची यादी करायची आणि आपल्याच खात्यांना तिथून घ्यायला लावायचे, ही तर व्यापाऱ्यांची सोय झाली. यात लोकांचे हित कुठे आले?

आपली शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर या यादीत सापडत नाही, ते यादीच्या आधीच्या सत्तर वर्षांत आहे. 1925 च्या हेलियम कायद्याने अमेरिकेत हेलियमचे उत्पादन मुख्यतः सरकारच्या हाती आणले, कारण तेव्हा हवाई जहाजांसाठी हा वायू हवा होता आणि हायड्रोजनसारखा तो पेट घेत नाही. नैसर्गिक वायूच्या काही विहिरींत तो थोड्या प्रमाणात मिसळलेला असतो. तो वेगळा करून घेतला नाही, तर नैसर्गिक वायू घरोघरी जळताना हेलियम नुसता हवेत जातो आणि पुढे वातावरणाबाहेर निसटतो. एकदा गेलेला हेलियम कोणत्याही किमतीला परत आणता येत नाही, आणि म्हणूनच मला हा विषय एका वायूच्या बाजारभावापेक्षा फार मोठा वाटतो.

ही नासाडी थांबवण्यासाठी 1960 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. सरकारने खासगी कंपन्यांशी कच्चा हेलियम विकत घेण्याचे दीर्घ मुदतीचे करार केले, कॅन्सस आणि ओक्लाहोमामधून टेक्सासपर्यंत वाहिनी टाकली आणि अमॅरिलोजवळच्या क्लिफसाइड येथील सच्छिद्र खडकात तो वायू पुन्हा जमिनीखाली भरून ठेवायला सुरुवात केली. पैसा सरकारी तिजोरीतून कर्जाने घेतला होता. हेलियम विकून ते फेडता यावे म्हणून 1961 मध्ये सरकारी दर हजार घनफुटांना 35 डॉलर असा चढा ठरवला, आणि संरक्षण, अणुऊर्जा व इतर खात्यांनी मोठ्या गरजेचा हेलियम सरकारकडूनच घ्यावा, असे त्याच कायद्यात घातले. ठरलेल्या ठिकाणाहून घेण्याची सक्ती मुळात इथली आहे. त्या वेळी यादी नव्हती, विकणारे सरकार एकटेच होते.

पुढचे गणित चुकले. खासगी कारखाने त्याहून पुष्कळ कमी दरात हेलियम विकू लागले, सरकारचे गिऱ्हाईक घटले, 1973 पर्यंत खरेदीचे करार मोडले गेले आणि जमिनीखाली प्रचंड साठा, तर वहीत चक्रवाढीने फुगणारे कर्ज उरले. ते कर्ज पुढे सुमारे 1.4 अब्ज डॉलरवर गेले. 1996 च्या खासगीकरण कायद्याने सरकारला शुद्धीकरणाच्या धंद्यातून बाहेर काढले आणि साठा विकून कर्ज फेडायला सांगितले. सरकारजवळ विकायला शुद्ध हेलियमच राहणार नसेल, तर सरकारी खात्यांनी घ्यायचा कोणाकडून? तेव्हा ठरले की जो खासगी पुरवठादार सरकारकडून तितकाच कच्चा हेलियम उचलेल, त्याच्याकडून घ्यावा. आज वाचताना चमत्कारिक वाटणारा हा नियम जुन्या सक्तीला नव्या व्यवस्थेत बसवण्यासाठी केलेली जोडणी होती, आणि तिच्यातून येणारा पैसा कर्जखात्यावर जमा होत असे. यादीतल्या कंपन्यांना हक्काचे गिऱ्हाईक मिळाले, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र माझी खरी तक्रार वेगळी आहे. साठा संपवण्याची घाई आणि कर्जाच्या आकड्यावरून बांधलेला दर यांमुळे पुढील पिढ्यांसाठी राखलेली वस्तू बरीच वर्षे तिच्या मोलापेक्षा स्वस्तात गेली, हे मला पटत नाही.

ओहायोमध्ये पोस्टडॉक करणारी एक वाचक लिहिते : आमच्या प्रयोगशाळेतील चुंबक थंड ठेवायला दर आठवड्याला साठेक लिटर द्रवरूप हेलियम लागतो आणि आमचा सगळा खर्च सरकारी अनुदानातून चालतो. मग या नियमाचा फायदा आम्हाला का मिळाला नाही, असे आमचे प्राध्यापक अजूनही बोलतात.

तुझ्या प्राध्यापकांची खंत अगदी खरी आहे. आठवड्याला साठ लिटर म्हणजे वर्षाला तीन हजार लिटरच्या थोडे वर. 7,510 च्या उंबरठ्यापासून तुम्ही फार दूर राहता. शिवाय खरेदी नियमावली कंत्राटांना लागू असते आणि संशोधन अनुदान हे कंत्राट नव्हे, त्यामुळे उंबरठा ओलांडला असता तरी ते कलम तुमच्या कागदांत आले नसते. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रॉकेटची केंद्रे होती. उणे 253 अंशांच्या द्रवरूप हायड्रोजनच्या वाहिन्या धुऊन काढायला हेलियमच लागतो, कारण तेवढ्या थंडीत नायट्रोजनसुद्धा गोठून बसतो. तिथे टँकर रिकामे होतात, तेव्हा त्यांच्या हिशोबाने आखलेल्या रेषेखाली विद्यापीठे राहून गेली.

याची झळ कशी बसते, हे ज्याने ड्यूअरशेजारी, म्हणजे द्रवरूप हेलियम ठेवण्याच्या थर्मॉससारख्या भांड्याशेजारी, उभे राहून पातळी मोजली आहे त्याला सांगावे लागत नाही. मी शिकत असताना आम्ही वरच्या टोकाला पातळ पडदा ताणलेली एक बारीक नळी ड्यूअरमध्ये हळूहळू उतरवत असू. पडद्यावर अंगठा ठेवला की आतल्या वायूची भरभर थरथर जाणवे, आणि नळीचे टोक द्रवाच्या पृष्ठभागाखाली गेले की ती एकदम संथ आणि मंद होई. तिथे खूण करायची, नळी वर काढायची आणि पट्टीवर मोजायचे. टंचाईच्या दिवसांत ती खूण दर खेपेला आणखी खाली सापडते, आणि पुढचा ड्यूअर कधी येईल हे पुरवठादारालाही नक्की सांगता येत नाही. चुंबक एकदा तापला की महिन्यांचे काम वाया जाते.

2013 च्या हेलियम व्यवस्थापन कायद्याने यात एक मोलाचा बदल केला. ‘संघराज्याचा वापरकर्ता’ या व्याख्येत सरकारी खात्यांबरोबर सरकारी अनुदानावर हेलियम वापरणारे बाहेरचे संशोधकही आले. त्याच कायद्याने साठ्याचा लिलाव सुरू केला आणि साठा 3 अब्ज घनफुटांवर उतरला की बाहेरची विक्री थांबवून उरलेला वायू याच वापरकर्त्यांसाठी राखायचा, असे ठरवले. त्याप्रमाणे 2018 मध्ये शेवटचा लिलाव झाला. तरीही कायद्यात हक्क मिळणे आणि दारात ड्यूअर येणे यांत अंतर असते, कारण दहा ठिकाणी विखुरलेल्या लहान मागणीला पुरवठादार भाव देत नाही. म्हणून अमेरिकन फिजिकल सोसायटीने संरक्षण खात्याच्या रसदपुरवठा यंत्रणेशी बोलून प्रयोगशाळांची मागणी एकत्र करून घेण्याची वाट काढली. तुमच्या विभागाला माझे सांगणे एवढेच आहे की उकळून जाणारा वायू गोळा करणारी यंत्रणा, म्हणजे छताखालची पिशवी, दाबयंत्र आणि द्रवीकरणाचे लहान यंत्र, यासाठी अनुदानात जागा मागा. यादीतल्या पुरवठादारापेक्षा ती जास्त भरवशाची आहे.

नागपूरचे एक निवृत्त अभियंते विचारतात : आपल्याकडे असा ठरलेल्या पुरवठादारांचा नियम आहे का?

अमेरिकेसारखा नाही. भारताला लागणारा जवळजवळ सगळा हेलियम आयात होतो, त्यामुळे सरकारी साठ्याशी खरेदी बांधण्याचा प्रश्नच आपल्याकडे उद्भवत नाही. सरकारी संस्थेला 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे खरेदी करावी लागते आणि त्यातील नियम 149 नुसार जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर मिळणारी वस्तू तिथूनच घ्यायची असते. संशोधन संस्थांना ही अट फार जाचत होती, म्हणून जून 2025 मध्ये वित्त मंत्रालयाने वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना संशोधनाचे साहित्य जेमबाहेरून घेण्याची मोकळीक दिली, हे चांगले झाले. सिलिंडर भरणे, साठवणे आणि आयात करणे यांना 2016 चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात आणि त्यांचे परवाने ज्या पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) या सरकारी संस्थेकडून मिळतात तिचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. पण तो परवाना सुरक्षिततेचा असतो. कोणाकडून घ्यावे, हे तो सांगत नाही.

ठाण्याचे एक वाचक विचारतात : सरकारी साठा विकला गेल्याचे वाचले. मग त्या यादीचे आता काय?

साठा, त्याच्या विहिरी आणि वाहिनी ही सगळी मालमत्ता 27 जून 2024 रोजी मेसर या औद्योगिक वायूंच्या कंपनीच्या ताब्यात गेली. कायद्यात विल्हेवाटीची मुदत 30 सप्टेंबर 2021 होती, पण प्रत्यक्ष हस्तांतराला आणखी पावणेतीन वर्षे लागली. पुरवठादाराने सरकारकडून तितकाच कच्चा हेलियम घ्यावा, हा या नियमाचा कणा होता, आणि सरकारजवळ क्लिफसाइडचा साठाच न राहिल्यावर तो मोडला. खात्यांना आता इतर मोठ्या गिऱ्हाइकांसारखाच बाजारातून दीर्घ मुदतीचा करार करून हेलियम घ्यावा लागतो. बाजार किती नाजूक आहे, हे जून 2017 मध्ये दिसले होते. शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी करताच तिथले हेलियमचे कारखाने काही काळ बंद पडले आणि जगभर पुरवठा आखडला. अशा वेळी पूर्वी अमॅरिलोची वाहिनी अमेरिकी खात्यांना आधाराला होती.

ज्यांच्या हाती जुने, अजून चालू असलेले कंत्राट आहे आणि त्यात 52.208-8 छापलेले आहे, त्यांनी ते आपल्या मनाने रद्द समजू नये. कंत्राटातले कलम लेखी दुरुस्ती होईपर्यंत कंत्राटदाराला बांधूनच ठेवते, तेव्हा खरेदी अधिकाऱ्याला पत्र पाठवून त्यांचे उत्तर लेखी घ्यावे आणि ते पावत्यांसोबत लावून ठेवावे.