किती वेळ चाललं, ते आधी सांगा : मेंदू आणि मज्जारज्जूच्या विकारांवर प्रश्नोत्तरे

प्रश्न : भावाला (वय 24) फिटचा आजार आहे. गोळ्यांवर दोन वर्षं काही झालं नव्हतं, गेल्या महिन्यात अचानक फिट आली. दातखीळ बसलेली बघून आम्ही तोंडात चमचा घातला. बरोबर केलं का? आणि गोळ्या चालू असताना फिट आलीच कशी?

उत्तर : चमचा नको होता. फिटमध्ये जीभ गिळली जात नाही. चावली जाते, पण तीही जबडा आवळतो त्या पहिल्या क्षणीच. तुम्ही चमचा शोधून आणेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. चमच्याने दात तुटला तर तो श्वासनलिकेत जायची भीती वेगळीच.

सगळ्यात आधी घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार आणि गरम वस्तू बाजूला सरकवा, चष्मा काढा, डोक्याखाली कापडाची घडी ठेवा. हातपाय दाबून धरू नका, खांदा निखळतो. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल. स्वतःचं नाव आणि आपण कुठे आहोत हे नीट सांगता येईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नको.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबतात. पाच मिनिटं उलटली की ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून तिथे रुग्णवाहिका बोलवायची. शुद्धीवर न येताच दुसरी फिट आली, डोक्याला मार बसला किंवा श्वास पूर्ववत होत नसला, तरीही बोलवा. भावाच्या फिट लांबत असतील तर नाकात मारायचा मिडाझोलॅमचा फवारा घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आता ‘आलीच कशी’ याबद्दल. पहिला संशय चुकलेल्या गोळीवर. घरचे ‘गोळ्या चालू आहेत’ म्हणतात, पाकिटातल्या गोळ्या मोजल्या की चार जास्त निघतात. त्यानंतर जागरण, ताप, गोळी घेतल्याघेतल्या झालेली उलटी, दारू. आणि एक हमखास विसरलं जाणारं कारण म्हणजे दुसऱ्या दुखण्यासाठी घेतलेलं औषध : ट्रॅमॅडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक काहींमध्ये फिटला वाट मोकळी करून देतं. डोस चुकला तर आठवताक्षणी घ्यावा. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा, दोन एकदम घेऊ नयेत. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, हेही भावाला सांगा.

प्रश्न : वडिलांचा (वय 66, रक्तदाब आहे) उजवा हात लुळा पडला आणि शब्द फुटेनात. पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. असं झालं तर दुसऱ्या दिवशी वेळ घेऊन दाखवलेलं चालतं का?

उत्तर : नाही. वडिलांना अजून दाखवलं नसेल तर आजच न्या. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा काही काळ अडला आणि सुटला, असा याचा अर्थ निघतो. असा झटका येऊन गेल्यावर खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त असतो, आणि तेवढेच तास लोक ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घालवतात.

उजवा हात आणि बोलणं एकदम गेलं, याचा रोख बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतो. म्हणून मेंदूच्या स्कॅनबरोबर मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी आणि हृदयाचे ठोके अनियमित नाहीत ना हे पाहणारा ईसीजी होतो. मानेतली डावी रोहिणी बरीच अरुंद निघाली तर शस्त्रक्रियेचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो.

घरी दोन चुका हटकून होतात. एक, ॲस्पिरिन चघळायला देणं. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय बाहेरून ओळखता येत नाही, आणि रक्तस्रावात ॲस्पिरिन घातक ठरू शकतं. दुसरी, रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवून तो झपकन उतरवणं. अडलेल्या भागाला जे थोडंफार रक्त पोचत असतं, तेही त्याने कमी होतं.

हात किंवा बोलणं परत आलंच नाही, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. सकाळी सहाला उठल्यावर हात लुळा आढळला आणि रात्री दहाला झोपताना ठीक होता, तर दहा ही वेळ सांगायची. वेळ टळली असं परस्पर ठरवून घरी मात्र थांबू नका. निवडक रुग्णांत मोठी गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपाय 24 तासांपर्यंत करता येतो.

प्रश्न : आईला कंपवात (पार्किन्सन) आहे. लेव्होडोपाची सकाळची गोळी छान लागू पडते, दुपारची वायाच जाते. डोस वाढवून घ्यावा का?

उत्तर : आधी जेवणाची वेळ बघा. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाहकांवर बसून जातं, त्याच वाहकांवर प्रथिनांतली अमिनो आम्लंही बसतात. भरल्या पोटी गोळी घेतली की ती रांगेत मागे राहते. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने द्यावी. मळमळत असेल तर सोबत प्रथिनं नसलेलं थोडंसं काही चालेल. प्रथिनं बंद करू नका, वजन घटतं. त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात सरकवा. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. बद्धकोष्ठतेकडेही लक्ष द्या, या आजारात पोट सावकाश रिकामं होतं आणि गोळी तिथेच अडकून राहते.

एवढं करून फरक पडला नाही तर तीन दिवस दर तासाला टिपून ठेवा : गोळी किती वाजता, हालचाल मोकळी की आखडलेली, अंग नको तितकं वळवळतं का. त्या कागदावरून डोस ठरवणं सोपं जातं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करसाठी सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन आईला नको, त्यांनी कंपवात बळावतो. आणि लेव्होडोपा कधीही एकदम बंद करू नका.

प्रश्न : माझं वय 31. कप तोंडाशी नेताना हात थरथरतात. हाही कंपवातच का?

उत्तर : बहुधा नाही. कंपवाताची थरथर हात मांडीवर निवांत असताना दिसते, सहसा एका बाजूने सुरू होते. काम करताना दोन्ही हातांना येणारी थरथर वेगळी, ती पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते. थायरॉइड तपासा, आणि दम्याचं साल्ब्युटामॉल किंवा फिटवरचं व्हॅल्प्रोएट चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : कमरेच्या एमआरआयमध्ये एल-4 आणि एल-5 या मणक्यांमधली चकती सरकल्याचं आलंय. मज्जारज्जू दबून पाय जातील का?

उत्तर : मज्जारज्जू तिथवर पोचतच नाही. प्रौढांत तो एल-1 किंवा एल-2 मणक्यापाशी संपतो. खाली असतो तो नसांचा झुपका. चकती दबते ती त्यातल्या एखाद्या नसेवर, आणि कळ पायात उतरते. दुखणं नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही सरकलेली चकती सर्रास सापडते, त्यामुळे अहवालापेक्षा तपासणीला वजन द्या. मात्र लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मज्जारज्जू दबण्याची काळजी करायचीच तर मानेची करा. तिथे दुखणं फारसं नसूनही शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, अक्षर बिघडतं, चालताना पाय ताठ पडतात. हात पुढे करून मूठ पूर्ण उघडायची आणि पूर्ण मिटायची. दहा सेकंदांत साधारण 20 वेळा जमायला हवं. यापेक्षा बरंच कमी जमत असेल आणि बटणंही अडत असतील, तर मानेच्या एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोला.