रिपोर्ट नॉर्मल, पण बोट सुजलेलेच

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी ३९ वर्षांची असून बोरिवलीला राहते आणि फोर्टमध्ये नोकरी करते. गेले सात-आठ महिने सकाळी उठल्यावर हातांची बोटे आखडलेली असतात. कणीक मळायला तासभर तरी हात वळत नाही, मग हळूहळू सुटतो. उजव्या पायाचे तिसरे बोट दोन महिन्यांपासून सबंध सुजलेले आहे, आणि स्टेशनचा पूल उतरताना टाच अशी दुखते की कठड्याला धरून थांबावे लागते. अस्थिरोगतज्ज्ञांनी काढलेला एक्स-रे नॉर्मल आला आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह आल्यामुळे ‘वात नाही’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या डॉक्टरांनी यूरिक ॲसिड ६.८ पाहून गाऊटच्या (यूरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीच्या) गोळ्या दिल्या, पण फरक पडला नाही. डोक्यात बऱ्याच वर्षांपासून चिवट कोंडा आहे आणि हाताची दोन नखे खराब झाली आहेत. त्यासाठी मी त्वचारोगतज्ज्ञांकडे वेगळी जाते. माझ्या मामांना सोरायसिस होता. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत, तर डॉक्टर बदलत का फिरतेस? मी नेमके कोणाकडे जावे आणि काय विचारावे?

उत्तर : पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. परंतु आखडलेली बोटे, सुजलेले बोट, टाच, कोंडा, नखे आणि मामांचा सोरायसिस या सहा गोष्टी तुम्ही एकाच पत्रात लिहिल्या आहेत, आणि आजवर त्या एकाही डॉक्टरांसमोर एकत्र आलेल्या दिसत नाहीत. त्या एकत्र ठेवल्या की पहिली शंका सोरायटिक आर्थ्रायटिसची, म्हणजे सोरायसिसशी जोडलेल्या संधिवाताची येते. ती शंका तडीस नेणे आवश्यक आहे. तुम्ही डॉक्टर बदलत फिरता आहात असे मला वाटत नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही, एवढेच.

या आजाराचे नाव छापून देणारी रक्ततपासणी नाही. आरए फॅक्टर हा आमवाताच्या, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या निदानात उपयोगी पडतो. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये तो बहुधा निगेटिव्हच असतो. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टवरून ‘वात नाही’ म्हणणे चुकीचे आहे. सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हेही अनेक रुग्णांत नॉर्मल येतात. एक्स-रेवर हाडातले बदल दिसू लागतात तेव्हा आजार जुना झालेला असतो. सुरुवातीची सूज पाहायची तर सांध्यांची सोनोग्राफी किंवा एमआरआय अधिक उपयोगी ठरतो.

यूरिक ॲसिडविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमची वाट इथेच चुकली असावी. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी झपाट्याने तयार होतात आणि झडतात, त्यामुळे अशा रुग्णांत यूरिक ॲसिड थोडे वाढलेले पुष्कळदा आढळते. तेवढ्यावरून गाऊट ठरत नाही. गाऊटचा झटका बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, काही तासांत, रात्रीतून येतो आणि आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत तो क्वचितच आढळतो. तुमचे बोट मात्र मुळापासून टोकापर्यंत एकसारखे सुजून दोन महिने तसेच आहे. अशी सूज एका सांध्यापुरती नसते, तर आतल्या कंडरांसह, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांसह, सगळ्या बोटाची असते. टाचेचे दुखणेही त्याच जातीचे असू शकते, कारण कंडरा जिथे हाडाला चिकटतो ती जागा या आजारात सुजते.

आता नखे. खिडकीच्या उजेडात नख तिरपे धरून पाहा. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे दिसतात का? नखाचे टोक खालच्या त्वचेपासून सुटून पिवळसर पांढरे झाले आहे का? अशा नखांना बुरशी समजून महिनोन्‌महिने मलम लावणारे अनेक रुग्ण मी पाहिले आहेत. बुरशी आहे की नाही हे नखाचा तुकडा तपासून ठरवता येते, आणि ते एकदा ठरवून घ्यावे. कोंड्याचेही तसेच आहे. जाड, चंदेरी खपल्या केसांची कड ओलांडून कपाळावर किंवा कानामागे उतरत असतील, तर तो साधा कोंडा नसण्याची शक्यता मोठी. डोक्याची टाळू, नखे आणि नितंबांमधली घडी या जागी सोरायसिस असणाऱ्यांत सांध्यांचा त्रास होण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. या शेवटच्या जागेविषयी रुग्ण संकोचाने बोलत नाहीत. तुम्ही अवश्य सांगा.

संशोधनासाठी रुग्ण निवडताना २००६ पासून ‘कॅस्पर’ नावाचे निकष वापरले जातात. सांध्यांची, मणक्याची किंवा कंडरांच्या जोडाची सूज असेल, तर पुढच्या गोष्टींना गुण देतात : सध्या सोरायसिस असल्यास दोन, तो पूर्वी होऊन गेला असल्यास किंवा जवळच्या नात्यात असल्यास एक, नखांतील बदल, निगेटिव्ह आरए फॅक्टर, सबंध सुजलेले बोट आणि एक्स-रेवर सांध्याशेजारी नवे हाड, या प्रत्येकाला एक. तीन गुण पुरेसे असतात. तुमचा निगेटिव्ह रिपोर्ट, ज्याच्या आधारावर तुम्हाला परत पाठवले, तो इथे तुमच्या बाजूने एक गुण धरला जातो. निदान मात्र गुण मोजून नव्हे, तर डॉक्टरांनी हात लावून तपासल्यावर ठरते.

तुम्ही संधिवाततज्ज्ञांकडे, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्टकडे जावे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि मोठ्या खासगी रुग्णालयांतही असे तज्ज्ञ बसतात. आधी तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांकडून ‘टाळूवर आणि नखांवर सोरायसिस आहे का’ याविषयी चिठ्ठी लिहून घ्या. संधिवाततज्ज्ञांकडे जाल त्या दिवशी नेलपॉलिश आणि मेंदी नको. डोक्याला तेल चोपडू नका, खपल्या दिसू द्या. सुजलेल्या बोटाचे फोटो तारखेसह मोबाइलमध्ये ठेवा, कारण तपासणीच्या दिवशीच सूज नेमकी उतरते. मी प्रत्येक रुग्णाला आधी चपला-मोजे काढायला सांगतो. तुम्हाला कोणी सांगितले नाही, तरी आपणहून काढून पाय दाखवा.

बोलताना ‘दुखते’ एवढ्यावर थांबू नका. किती वाजता उठता, हात किती वाजता सुटतो, बसून राहिल्यावर त्रास वाढतो की काम केल्यावर, हे सांगा. गेल्या पावसाळ्यात ताप येऊन गेला असल्यास तेही सांगा, कारण चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने धरू शकतात. आजवर घेतलेली प्रत्येक गोळी, पुडी आणि इंजेक्शन कागदावर लिहून न्या. पोटातून दिलेल्या स्टिरॉइडने सूज तात्पुरती दबते आणि ते अचानक थांबवल्यावर सोरायसिस उफाळू शकतो, म्हणून नाव नसलेल्या पुड्या घेतल्या असल्यास लपवू नका. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा. मेथोट्रेक्झेटसारखे नेहमीचे औषध त्या काळात चालत नाही.

घरच्यांना एवढे सांगा : तज्ज्ञाकडे पोहोचायला सहा महिन्यांचा उशीर झालेल्या रुग्णांतही हाडांची झीज अधिक आढळली आहे, आणि झिजलेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही. तुमचे सात-आठ महिने आधीच गेले आहेत. या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, लालबागचा. वडिलांना सोरायसिस आहे, मला नाही. पहाटे तीन-चारला कंबरदुखीने जाग येते, फेऱ्या मारल्या की बरे वाटते. एचएलए-बी२७ तपासणी करून घेऊ का?

उत्तर : आधी डॉक्टर, मग तपासणी. विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी सुजेची असू शकते, आणि सोरायटिक आर्थ्रायटिसच्या सुमारे १५ टक्के रुग्णांत सांध्यांचा त्रास त्वचेच्या आधी सुरू होतो. म्हणून वडिलांचा आजार डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि बेंबी, कानामागचा भाग व डोक्याची टाळू त्यांना पाहू द्या. एचएलए-बी२७ ही एका जनुकाची रक्ततपासणी आहे. ती पॉझिटिव्ह असूनही बहुतेक माणसे आयुष्यभर निरोगी राहतात, तर निगेटिव्ह असूनही मणक्याचा हा सुजेचा आजार होतो. त्यामुळे नुसता तो रिपोर्ट हाती घेऊन तुम्हाला काहीच ठरवता येणार नाही. मणक्याच्या तळाशी असलेल्या सांध्यांचा एमआरआय लागेल का, हे तज्ज्ञ ठरवतील. अशा आजारात डोळ्यालाही सूज येऊ शकते, म्हणून दरम्यान एखादा डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून थेंब आणून न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि कंबरदुखीबद्दल त्यांनाही सांगा.