बाई, एक रुपया गेला कुठे?

प्रश्न : बाई, तिघे मित्र लॉजवर उतरतात. खोलीचं भाडं ३० रुपये, म्हणून प्रत्येकी १० काढतात. मग मालकाच्या लक्षात येतं की भाडं २५च आहे. तो पोऱ्याबरोबर ५ रुपये परत पाठवतो. पोऱ्या २ रुपये स्वतःकडे ठेवतो आणि तिघांना एकेक रुपया देतो. म्हणजे प्रत्येकाचे ९ गेले. नऊ त्रिक सत्तावीस, पोऱ्याचे २, झाले एकोणतीस. तिसावा रुपया कुठे गेला? मुलगा रोज जेवताना विचारतो. यात काहीतरी फसवणूक आहे हे कळतं, पण नेमकं बोट ठेवता येत नाही.
— एक वडील, सांगली

उत्तर : बोट ठेवायचं ते ‘पोऱ्याचे २’ या शब्दांवर. ते २ रुपये त्या २७ मध्येच आहेत. तिघांच्या खिशातून शेवटी गेले २७. त्यातले २५ मालकाच्या गल्ल्यात आणि २ पोऱ्याच्या खिशात. हिशेब इथेच पुरा झाला. २७ मधून २ वजा केले तर भाडं मिळतं. २७ मध्ये २ मिळवले तर २९ येतात, पण ते कशाचेच नाहीत. ३० भरून काढायचे असतील तर २७ मध्ये तिघांना परत मिळालेले ३ मिळवायला हवेत.

मुलाला एवढं सांगून थांबू नका. त्याला आकडे बदलायला सांगा. समजा मालकाने ५ ऐवजी १० रुपये परत पाठवले. पोऱ्याने १ ठेवला आणि तिघांना ३-३ दिले. प्रत्येकाचे ७ गेले, सात त्रिक एकवीस, पोऱ्याचा १, झाले बावीस. आता ‘आठ रुपये कुठे गेले?’ असं कोणी विचारेल का? बेरीज तीच, तितकीच चुकीची, पण आता कोणी फसत नाही. मूळ कोड्यात २९ हा आकडा योगायोगाने ३० च्या शेजारी येऊन बसतो, आणि त्या दोघांचा काही संबंध असणार असं आपण न विचारता धरून चालतो.

मी वर्गात प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा हे लिहायला लावत असे : ‘२७, दिलेले’, ‘२, दिलेल्यांपैकी’. मुलं कुरकुरत. पण ‘दिलेल्यांपैकी’ एवढं एकदा लिहिलं की बेरजेचं चिन्ह हातून उमटत नाही.

प्रश्न : तीन बंद दारं. एकामागे मोटार, दोघांमागे शेळ्या. मी पहिलं दार निवडते. सूत्रधार उरलेल्यांपैकी तिसरं दार उघडून शेळी दाखवतो आणि विचारतो, ‘बदलायचं आहे का?’ पुस्तक म्हणतं, बदला. बाबा म्हणतात, दोन दारं उरली, अर्धी-अर्धी शक्यता, बदलून काय फरक पडणार? मी पुस्तकाच्या बाजूने भांडते, पण बाबांना पटवता येत नाही. म्हणजे बहुधा मलाच अजून पटलेलं नाही.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुझं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. ज्याला हे कळतं त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

बाबांच्या बाजूला मोठमोठी माणसं होती, हे आधी त्यांना सांग. १९९० मध्ये अमेरिकेतल्या ‘परेड’ या साप्ताहिकात मॅरिलिन व्हॉस सावंत यांनी ‘बदला’ असं उत्तर दिलं, तेव्हा त्यांना सुमारे दहा हजार पत्रं आली. बहुतेक विरोधातली, आणि हजाराच्या आसपास पीएच.डी. झालेल्यांची. पॉल एर्डिशसारख्या गणितज्ञालाही संगणकावर हा खेळ पुन्हा पुन्हा खेळून दाखवल्यावरच उत्तर मान्य झालं. उत्तर मात्र बाईंचंच बरोबर होतं.

सूत्रधाराला मोटार कुठे आहे हे ठाऊक आहे आणि तो मोटारीचं दार कधीच उघडणार नाही. सगळं कोडं या अटीवर उभं आहे. पहिल्या फटक्यात तू बरोबर असण्याची शक्यता एक तृतीयांश, चुकलेली असण्याची दोन तृतीयांश. आता तू चुकलीस असं धर. उरलेल्या दोन दारांपैकी एकामागे मोटार आहे, म्हणून सूत्रधाराला दुसरं उघडण्यावाचून गत्यंतर नाही. त्याने न उघडलेलं दार हे मोटारीचंच दार. म्हणजे जेव्हा जेव्हा पहिली निवड चुकते, तेव्हा तेव्हा बदलणारा जिंकतो. आणि पहिली निवड तीनातून दोनदा चुकतेच.

तरीही पटत नसेल तर दारं १०० कर. तू एक निवडलंस, त्याने ९८ दारं उघडली, सगळ्यांमागे शेळ्या, आणि मधलंच एक दार तेवढं बंद ठेवलं. ते त्याने का टाळलं असेल?

पण बाबांचा आक्षेप पोकळ नाही आणि त्यांना तसं म्हणू नकोस. सूत्रधारालाच मोटार कुठे आहे हे माहीत नसेल, त्याने उरलेल्या दोनपैकी कुठलंही दार उघडलं आणि नशिबाने शेळी निघाली, तर खरोखरच अर्धी-अर्धी शक्यता राहते. कारण तू चुकलेली असताना निम्म्या वेळा त्याच्या हातून मोटारीचंच दार उघडलं जाईल आणि तो डाव बाद होईल. मग तू बरोबर असण्याचे एक तृतीयांश डाव आणि चुकलेले असूनही टिकलेले एक तृतीयांश डाव असे समसमान उरतात. कोडं सांगताना ‘सूत्रधाराला माहीत आहे’ हे वाक्य पुष्कळदा गाळलं जातं. ते गाळलं की भांडण संपणारच नाही, कारण दोघे दोन वेगळी कोडी सोडवत असतात.

तीन वाट्या आणि एक चिंचोका घ्या. बाबांना सूत्रधार कर, तू नको होऊस. चिंचोका त्यांनी लपवायचा, वाटी त्यांनी उचलायची. कुठली उचलायची याची निवड त्यांना किती कमी वेळा मिळते, हे त्यांच्या हातालाच कळेल.

प्रश्न : नातीला वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचं कोडं घातलं. नावेत नावाड्याबरोबर एकच काही मावतं, वाघ-शेळी किंवा शेळी-गवत एकत्र सोडायचं नाही. उत्तर सांगितल्यावर ती रुसली. ‘पोचवलेली शेळी परत आणायची, हे चीटिंग आहे’ म्हणते. काय सांगू?
— एक आजोबा, इंदूर

उत्तर : आजोबा, तिला कोडं पुन्हा वाचून दाखवा आणि ‘परत आणायचं नाही’ हे त्यात कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा. कुठेच नाही. ती अट तिच्या मनाने घातली, आणि प्रत्येक जण घालतो, कारण पलीकडे नेलं म्हणजे काम झालं असं आपण समजतो. लांडगा, शेळी आणि कोबी या रूपात हे कोडं सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या एका लॅटिन संग्रहात आहे. तो संग्रह युरोपातला सम्राट शार्लमेन याच्या दरबारातल्या अल्क्विन या विद्वानाच्या नावावर सांगतात. तेव्हाही शेळीला परतीचा प्रवास घडतच होता. एकूण ७ फेऱ्या लागतात. तुम्ही दुसऱ्यांदा वाघ नेलात ना? आता वाघाऐवजी गवत नेऊन होतं का, ते नातीला करून पाहू द्या. तिचं स्वतःचं उत्तर सापडलं की रुसवा जाईल.

प्रश्न : मी सातवीत आहे. गोष्टींची कोडी मला नाही आवडत. नुसत्या आकड्यांची असतात का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : असतात, आणि सगळ्यात सुंदर आपल्याकडचंच आहे. चार अंकी संख्या घे, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिही, मग चढत्या, आणि वजा कर. ३५२४ घेऊ : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच : ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा : ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ वर करून बघ, ७६४१ − १४६७ = ६१७४! संख्या कुठलीही घे, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत तू इथेच पोचतेस. पुढे शून्य आलं तर ते गाळायचं नाही, एवढंच सांभाळ.

हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी, १९४९ मध्ये. ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. कुठलीही प्रयोगशाळा नाही, कागद-पेन्सिल आणि आकड्यांवरचं प्रेम. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि हा देवळालीचा मास्तर जगभर पोचला. त्यांचं नाव घेताना मला आजही भरून येतं.

तुझ्यासाठी एक काम : प्रत्येक वजाबाकीचं उत्तर ९ ने भागून बघ. दर वेळी भाग का जातो ते शोध आणि मला कळव. मग तीन अंकी संख्यांवर हाच खेळ कर, तिथे दुसराच आकडा वाट बघतोय.

प्रश्न : अंधारात चौघांना पूल ओलांडायचा आहे. बॅटरी एक, एका वेळी दोघेच. त्यांना १, २, ५ आणि १० मिनिटं लागतात, जोडी सावकाश माणसाच्या चालीने जाते. माझं उत्तर १९ मिनिटं येतं, पुस्तकात १७ छापलंय. छपाईची चूक का?
— बँकेतले निवृत्त कर्मचारी, डोंबिवली

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. तुम्ही १ मिनिटवाल्याला प्रत्येकाबरोबर पाठवलंत, कारण बॅटरी घेऊन सर्वांत चपळ माणसानेच परत यावं असं तुम्हाला वाटलं. कोड्यात तसं म्हटलेलं नाही. ५ आणि १० मिनिटवाले एकत्र गेले तर ५ मिनिटं १० मध्ये जिरतात. मात्र ते पलीकडे पोचतील तेव्हा बॅटरी परत आणायला कोणीतरी चपळ माणूस तिथे आधीच जाऊन थांबलेला हवा. तो कोण, आणि तिथे कसा पोचला, हे तुम्ही शोधा. फेऱ्या ५च आहेत. उत्तर पोस्टकार्डावर मावेल, पाठवा, पुढच्या अंकात छापते.