दोन रंगांच्या गोधडीला प्रत्येक रंगाचं किती कापड लागेल आणि कसं कापायचं?

तुम्ही लिहिलंय की लाल-पांढऱ्या चौकोनांची ६० बाय ९० इंचाची गोधडी करायचीय आणि एकूण मापाच्या निम्मं म्हणून प्रत्येक रंगाचं पावणेदोन मीटर आणणार आहात. नका आणू, कमी पडेल. पहिल्या गोधडीला मी हाच हिशोब करून इथे नाशिकला मेन रोडवरून कापड आणलं होतं आणि दोन्ही रंगांचे १५-१५ चौकोन कमी पडले, परत गेले तर त्या लालचा तागा संपलेला, नवीन ताग्याचा लाल जरा विटकरी, त्या ओळी अजून डोळ्याला खुपतात.

हिशोब पट्ट्यांचा करा. शिवून झालेला चौकोन ६ इंचाचा धरला तर आडवे १०, उभे १५, एकूण १५०, म्हणजे प्रत्येक रंगाचे ७५. चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत जातो म्हणून कापायचा साडेसहाचा. आता ४४ इंच पन्ह्याचं (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) कापड धुऊन, काठ काढून ४२ च धरा, त्यात साडेसहाचे ६ च बसतात. ७५ ला १३ पट्ट्या, म्हणजे साडेचौऱ्याऐंशी इंच, सव्वादोन मीटरच्या जरा आत, पण कापड आटतं आणि टोकं सरळ करण्यात जातं म्हणून अडीच मीटर घ्या. पन्हा ३६ असेल तर पट्टीत ५ च चौकोन बसतात, मग पावणेतीन लागेल. म्हणून दुकानात आधी पन्हा विचारायचा आणि मग मीटर सांगायचे. गोट, म्हणजे कडेने लावायची पट्टी, लालच लावणार असाल तर ४४ पन्ह्यात लाल सरळ तीन मीटर घ्या.

कापड सुती पॉपलीन किंवा केंब्रिक बघा. मांजरपाट स्वस्त पडतं पण फार आटतं, ते घेतलं तर अजून थोडं जास्त घ्या. लाल वेगळं भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढरे चौकोन गुलाबी होतात.

आणि १५० चौकोन एकेक कापत बसू नका! टोक धाग्यावर फाडून सरळ करा (तिरपं कापलं की कापड उरेबात, म्हणजे तिरक्या दिशेने, ताणतं आणि मग कोपरे कधीच जुळत नाहीत), मग पन्ह्याच्या आडव्या साडेसहा इंची पट्ट्या कापा. एक लाल एक पांढरी अशी लांबीला शिवा, शिलाई लालकडे वळवून इस्त्री करा आणि मग ती जोडपट्टी आडवी साडेसहा-साडेसहावर कापत जा. एका जोडपट्टीत ६ जोड्या, १३ मध्ये ७८, तुम्हाला हव्यात ७५. ओळीत ५ जोड्या, पुढची ओळ उलटी फिरवून लावायची, मग वरच्या-खालच्या शिलाया एकमेकींना टेकून बसतात आणि कोपरा आपोआप जुळतो, हे पहिल्यांदा जुळलं ना की फार बरं वाटतं.

मागच्या बाजूला नवीन कापड नका घेऊ, घरातली मऊ झालेली सुती सहावारी घ्या. साडेपाच मीटरची असते, मधोमध कापून दोन तुकडे शेजारी जोडले की लांबी-रुंदी दोन्हीकडे भरपूर उरतं. आत भरायलाही अशीच एखादी साडी. डिसेंबरात निफाडकडचा पारा उतरला की अशा गोधडीची ऊब कळते.

सगळं कापायच्या आधी मात्र एकच जोडी शिवून, इस्त्री करून मोजा. साडेबारा इंच आली पाहिजे. सव्वाबारा आली तर शिलाई जास्त जातेय, मशीनच्या सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरून चालवा.