तंबोरा विकू का?

मिरजेहून एका ताईंचं सात पानी पत्र आलंय, थोडक्यात सांगते. वय ५९. लहानपणापासून गाणं, विशारद झाल्या, शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट पण दिलेली, मग लग्न, नोकरी, मुलं, तरी रियाज कधी पूर्ण सुटला नव्हता. पन्नाशीनंतर तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, लागेना, पुतण्याच्या लग्नात कुणीतरी "वहिनींचा आवाज बसला" म्हणालं आणि तेव्हापासून तंबोरा गवसणीत, कपाटावर. गेली तीन वर्षं रोज वॉटरकलर करतायत. घरचे म्हणतात धूळ खातोय तर विकून टाक, आणि यांना वाटतं आपण चित्रांच्या नादी लागून गुरुजींशी बेईमानी केली. तर विकू का?

ताई, नका विकू. पण कारण तुम्हाला वाटतंय ते नाही, गुरुजींची आठवण वगैरे बाजूला ठेवा जरा.

तुमचं पाचवं पान परत वाचा. तिथे तुम्ही सहज लिहून गेलाय की गच्चीवरच्या टाक्यांचं चित्र करताना दोन तास पूरिया राग गुणगुणत होते, चहा गार झाला तरी कळलं नाही. अहो, गाणं सोडलेली बाई दोन तास पूरियात बसते होय? तुम्ही गाणं सोडलेलं नाही, लोकांसमोर गाणं सोडलंय, आणि ते चित्रांमुळे नाही, त्या लग्नातल्या एका वाक्यामुळे. चित्रकलेत तुम्हाला शाळेनंतर कुणी मार्क दिले नाहीत म्हणून तिथे मोकळं वाटतं, त्यात काही पाप नाही, पण दोष उगाच रंगांच्या डबीवर ढकलू नका.

आवाजाचं म्हणाल तर पाळी गेल्यावर बऱ्याच बायकांचा आवाज जाड होतो, खाली येतो, हार्मोन्सचा मामला आहे. (घसा सतत बसलेला असेल, दोनतीन आठवडे सुटत नसेल तर मात्र आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, हे मी सगळ्यांनाच सांगते.) तुम्ही अजून काळी पाचच (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर) धरून बसलाय ना? मग वरचा सा कसा लागणार? काळी तीनवर या, नाहीच झेपलं तर अजून खाली. गंगूबाई हनगलांचा आवाज तर घशाच्या ऑपरेशननंतर पार बदलला, भारदस्त, पुरुषी झाला, आणि त्याच आवाजात त्या पुढे कित्येक वर्षं गायल्या, त्याच आवाजासाठी लोक त्यांना ओळखतात. तुम्हाला गंगूबाई व्हायचं नाहीये, फक्त संध्याकाळी अर्धा तास बसायचंय.

आणि मिरजेत राहून तंबोरा कपाटावर म्हणजे कमालच आहे हं! तंबोरे करणारी माणसं तुमच्या गावात, लांबलांबून लोक तिथे वाद्यं घ्यायला येतात. पट्टी एवढी खाली आणायची तर नुसत्या तारा सैल करून भागत नाही, आवाज मरतो, जरा जाड तारा लागतात आणि जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा घासून सूर खुलवणं, नव्याने काढून घ्यावी लागते. कारागिराला नेऊन दाखवा, भोपळ्याला कुठे तडा गेलाय का तेही तो बघेल.

आता बेईमानीचं. टागोरांनी दोन हजारांच्या वर गाणी केली, आणि चित्रं कधी काढायला लागले तर साठी उलटल्यावर. सुरुवात कशातून, तर खाडाखोडीतून. कवितेतला शब्द खोडायचा, मग खोडलेल्या जागा एकमेकींना जोडत पक्षी नाहीतर कुठलातरी चमत्कारिक प्राणी करायचा. १९२४ मध्ये अर्जेंटिनात आजारी असताना वहीत हेच चाललेलं, तिथली लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोने ते पाहिलं आणि पुढे १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन जमवून आणलं, तेव्हा ते एकोणसत्तरचे. त्या वहीतल्या कविता ज्या संग्रहात आल्या त्याचं नाव पूरबी, म्हणजे रागाचंच की! तिकडे युरोपात पॉल क्ले, आई-वडील दोघे संगीतातले, पोरगं व्हायोलिनमध्ये तयार, तरी चित्रकार झाला, पण व्हायोलिन वर्षानुवर्षं वाजवत राहिला. त्याला कुणी बेईमान म्हटलेलं मी तरी वाचलं नाही.

घरच्यांना एवढंच सांगा की विकायचा नाहीये, दुरुस्तीला न्यायचाय, रिक्षा बोलवा. "हे काय नवीन खूळ" म्हणतील, म्हणू देत, तीन वर्षांपूर्वी रंग आणले तेव्हाही म्हणालेच होते ना.

लोकांसमोर इतक्यात गाऊ नका. ज्यांनी 'आवाज बसला' म्हटलं त्यांच्यासमोर तर मुळीच नको, किमान वर्षभर.

आणि सातव्या पानाच्या मागे पेन्सिलीने तंबोऱ्याची खुंटी काढून परत खोडलीत ती दिसतेय मला. ती खोडायची नव्हती. पुढच्या पत्रात पूर्ण तंबोरा काढून पाठवा, गवसणी काढून, आणि कुठल्या पट्टीत लावला तेही कळवा.